न निवडलेल्यांची नावं

बाबांनी आम्हा दोघी बहिणींच्या जन्मपत्रिका करून घेतल्या नाहीत. आत्याला हे कधीच पटलं नाही. ती नागपूरहून आली की चहा पिता पिता विषय काढायची. "दादा, पोरींचं पुढे काय आहे ते पाहाले तुझं काय जाते?"

"पुढचं कोणी लिहून ठेवलं नसते," बाबा म्हणायचे. "लिहायचं आपण असते."

आणि ते खरंच लिहायला बसायचे. बाबा कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. विचार मराठीत यायचा म्हणून आधी मराठीत, मग आमचा मुलूख हिंदीचा, वाचणारे हिंदीचे म्हणून हिंदीत. छापखान्यातून पहिला कच्चा कागद घरी यायचा तेव्हा त्याला शाईचा ओला वास असायचा. मी बाराखडी त्या कागदांवर शिकले. गोष्टींची पुस्तकं नंतर आली.

पत्रकात सगळ्यात वर, मजकुराच्याही आधी, कामावरून काढलेल्यांची नावं असायची. कारखान्यात तेव्हा एक पद्धत होती. माणसाला काढलं असं कोणी सांगायचं नाही. तो सकाळी डबा घेऊन गेटवर जायचा आणि पहारेकरी म्हणायचा, आपका नाम नहीं है. बस, एवढंच. बाबांना काढण्यापेक्षा याचा राग जास्त होता. "काढायचं तर नाव घेऊन काढा," ते म्हणायचे. "गुपचूप पुसून टाकायला माणूस म्हणजे पाटीवरचं गणित आहे काय?"

ती नावं तपासायचं काम आम्हा बहिणींचं होतं. आम्ही छापील कागदावरून आळीपाळीने एकेक नाव मोठ्याने वाचायचो. बाबा हातातल्या मूळ कागदावर बोट ठेवून प्रत्येक नावानंतर म्हणायचे, "बरोबर." 'रो' जरा लांबवून, शेवटी आवाज खाली सोडून. मजकूर हिंदी, नावं इथल्या-तिथल्या मुलखाची, पण तो शब्द मराठी. धाकटीला तेव्हा नीट वाचताही येत नव्हतं. ती माझ्यामागून म्हणायची, आणि तिच्यासाठी बाबा पुन्हा एकदा "बरोबर" म्हणायचे.

मग एक दिवस गेटवर बाबांचंच नाव नव्हतं. त्यांचं पत्रक निघालं नाही, कारण पत्रक लिहिणारे तेच होते आणि स्वतःचं नाव स्वतः वर छापणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काही वर्षांनी ते गेले. काढलेल्या इतक्या माणसांची नावं आम्ही वाचली, बाबांचं मात्र कधीच कोणी वाचलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते याशिवाय कळणार नाही.

आता महाराजपूरच्या आमच्या घरात आई, मी, धाकटी, आत्या आणि आत्याचा मुलगा असे राहतो. आत्येभावाला आम्ही भैया म्हणतो. तो कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच लॅपटॉपवर करतो आणि काम संपलं की त्याच लॅपटॉपवर बेसबॉलचा गेम खेळतो. खेळतो म्हणजे बॅट फिरवत नाही. तो संघाचा कारभारी असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाला बसवून ठेवायचं, एवढंच. पडद्यावर नुसती नावं आणि आकडे, आणि प्रत्येक नावाशेजारी गेमनेच बनवलेला एक चेहरा.

बेसबॉल आमच्या घरात शिरला तो धाकटीमुळे. ती शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायची, मग मैदानावरच्या सरांनी तिला बेसबॉलमध्ये आणलं. ती पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. हात मागे गेला की खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाट जाताना दिसते. राज्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती. तिचं वय बसत होतं ते याच वर्षी. पुढच्या वर्षी त्या गटात तिला उभं राहता आलं नसतं.

भैयाने मला गेम समजावून सांगितला होता, म्हणजे मी त्याला त्यावरून छेडलं होतं.

"दरवर्षी नवीन पोरं येतात," तो म्हणाला. "गेमच बनवते. अठरा-एकोणीस वर्षांचे. मग सगळे संघ आळीपाळीने एकेक उचलतात. त्याले ड्राफ्ट म्हणतात."

"आणि कोणता पोरगा चांगला, हे कसं कळते?"

"दोन गोष्टी असतात. एक, तो आज कसा आहे. ते सगळ्यांना दिसते. दुसरं, तो जास्तीत जास्त काय होऊ शकते. पोटेन्शियल. ते गेम पोरगा बनवतानाच ठरवून टाकते आणि लपवून ठेवते. आपल्याले फक्त अंदाज दिसतो. आपले माणसं जाऊन पाहून येतात, त्यांचा अंदाज."

"म्हणजे जन्मतःच ठरलं."

"हो ना."

"आणि ठरवलं कोणी?"

"कोणी नाही, यार. गेम आहे."

"वा," मी म्हटलं. "मालकच नाही, आणि फैसला होऊन गेला. बाबांच्या कारखान्यात निदान मालक तरी होता."

भैया हसला. "तू ना, चहातही साखर कोणी टाकली म्हणून मोर्चा काढशील."

एका दुपारी कूलर घरघरत होता, आई शाळेतल्या नोकरीवरून यायची होती आणि धाकटी खाली फरशीवर पडून खांद्याला तेल चोळत होती. भैयाच्या गेममध्ये ड्राफ्ट आला होता. तो तिला म्हणाला, "चल, तुले टाकतो यात. एखाद्या पोराचं नाव बदलता येते."

"मुली असतात का त्यात?" तिने विचारलं.

"नसतात. नाव तुझं, बाकी पोरगा."

त्याने तिचं नाव टाकलं. उजव्या हाताची, उंची, वय, सगळं तिचं. बाकीचं गेमवर सोडलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिचं आहे, ती सांगेल. मग भैयाने ते पान उघडलं आणि नावाशेजारी चेहरा आला.

मला या गेममधले चेहरे आधीपासून आवडत नव्हते. भेडाघाटला संगमरवराच्या दुकानांत मूर्ती अर्धवट घडवून ठेवलेल्या असतात ना, नाक-ओठ झालेले आणि डोळे अजून कोरायचे, तसे ते दिसतात. माणसाच्या अगदी जवळ येऊन थांबलेले. पण हा चेहरा तसा नव्हता. कपाळ रुंद, डावी भुवई जरा वर, आणि ओठ असे की आता काहीतरी उलट बोलेल.

आत्या कैरीचं पन्हं घेऊन आली होती. ती भैयाच्या मागे उभी राहिली आणि ट्रे तसाच धरून म्हणाली, "अगं, हा तर दादा दिसून राहिला."

बाबांचा तरुणपणचा एकच फोटो आमच्याकडे आहे, हातात पत्रकांचा गठ्ठा घेतलेला. आमच्यातल्या कोणीही त्या फोटोकडे वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"गेमच्या साठ्यात असतात चेहरे," भैया म्हणाला. "कोणाशी ना कोणाशी जुळतेच."

"पुढे काय होते याचं ते सांग," आत्या म्हणाली. तिला अखेर घरात पत्रिका मिळाली होती.

ड्राफ्ट सुरू झाला. संघ एकेक नाव उचलत होते. उचललेलं नाव यादीतून निघून वर जायचं आणि खालची नावं एक ओळ सरकायची. धाकटी उठून बसली. आधी हसत होती, मग हसायची थांबली. भैयाची पाळी आली की ती त्याच्याकडे पाहायची. तो दुसऱ्याच कोणाला तरी घ्यायचा.

"मला घे ना."

"घेतलं असतं गं, पण पोटेन्शियलच नाही दिसून राहिलं. फेऱ्या मोजक्या असतात. एक फुकट जाईल."

"गेमच आहे ना भैया?"

"म्हणूनच तर. गेममध्ये तरी नीट खेळू दे."

शेवटची फेरी संपली. तिचं नाव खालीच राहिलं होतं, त्या चेहऱ्यासकट. भैयाने पुढचा दिवस आणायचं बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला.

"आता मी कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

तिने स्वतःच पुढे होऊन शोधायच्या चौकटीत आपलं नाव टाकलं. इंग्रजीत उत्तर आलं, असा खेळाडू सापडला नाही. तिने पुन्हा टाकलं, एकेक अक्षर सांभाळून. पुन्हा तेच.

"ज्यांना कोणी घेत नाही त्यांना गेम पुसून टाकते," भैया खाली पाहत म्हणाला. "नाहीतर फाइल भारी होते."

मला राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं, कारण रागाची मला सवय आहे. मी भैयाला म्हटलं की हा खेळ नाही, गेटवरचा पहारेकरी आहे. तो म्हणाला, तू पत्रक छाप. आत्या म्हणाली, आधी पन्हं प्या. धाकटीने मात्र तेलाची बाटली बंद केली आणि खांद्यावर ओढणी घेतली, थंडी वाजल्यासारखी.

त्यानंतरच्या दिवसांत जे झालं त्यातली एकही गोष्ट अशी नाही की जिचं कारण मला सांगता येणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. मी बाबांची मुलगी आहे.

तिचा फोन तिचा चेहरा पाहून उघडायचा. तो उघडेना. काचेला तडा गेला असेल. मैदानावर हजेरी घेताना सर तिचं नाव गाळून पुढे गेले. तिने हात वर केला तर म्हणाले, "अरे, तुम यहीं थी?" उन्हात उभं राहून कोणाचंही होतं. मैदानावर नेणारा रोजचा ऑटोवाला चौकात बाकीच्या मुली घेऊन निघून गेला. ती तिथेच उभी होती, त्याच्या समोर. त्याला म्हणे कोणी दिसलंच नाही. एका रात्री जेवताना आईने पानं मांडली आणि एक कमी मांडलं. आई स्वतःच दचकली. "थकून राहिले बाई मी," म्हणाली आणि ताट आणायला उठली. ताट आलं तेव्हा धाकटी भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच मला म्हणाली, "ताई, मी आहे ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"नाही, असंच."

मी तिचा हात धरला. हात गार होता. तोही कूलरसमोर बसल्यामुळे.

तिचा चेंडूही बदलला. मी बघायला गेले होते. हात तसाच मागे जात होता, पण ती लाट बोटांपर्यंत पोचत नव्हती, मध्येच कुठेतरी विरून जायची. पकडणारी मुलगी दोनदा चुकली. म्हणाली, "दीदी, तेरी बॉल दिखती नहीं आजकल." चेंडू पांढरा आणि नवा होता.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटीने किटची बॅग कपाटावर टाकली. "मी जात नाही," म्हणाली.

"काहून?" आत्याने विचारलं.

"गेले काय आणि नाही गेले काय. माझ्याशिवायही तेवढंच होईल."

मी भाषण दिलं. माझ्याजवळ भाषणं पुष्कळ आहेत. आकडा कोणी लावला, कोणाच्या सोयीने लावला, माणसात काय आहे ते चाचणीआधी ठरवणारे कोण. सगळं खरं होतं. ती ऐकत होती आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती, जणू मी दुसऱ्याच कोणाशी बोलत होते.

तेव्हा भैया आपल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. आजकाल तो दुसऱ्याच कुठल्या तरी देशाच्या संघांचा गेम खेळत होता. हा त्याने उघडणं सोडलं होतं.

"इकडे ये," तो तिला म्हणाला. "गेम मधून मधून आपली एक जुनी प्रत ठेवते. मी पाहिली. ड्राफ्टच्या आधीची आहे."

त्याने ती उघडली. यादी होती तशी होती. कोणीच अजून उचललं गेलं नव्हतं. तिचं नाव होतं, आणि शेजारी तो चेहरा. डावी भुवई वर. ओठ उलट बोलायच्या बेतात. एवढे दिवस आमच्या घरात हजेरी चुकत होती, ताटं चुकत होती, आणि हा इथे त्याच दुपारी उभा होता. जोवर कोणी बटण दाबत नाही तोवर त्याचा पुढचा दिवस येणार नव्हता.

"घ्यायचं का तुले? या वेळी पहिल्या फेरीत घेतो," भैया म्हणाला.

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि मुठीत मीठ-मोहरी घेऊन आली. तिने मूठ लॅपटॉपवरून उतरवली, आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची दृष्ट म्हणत. इतर कुठल्याही दिवशी मी वाद घातला असता. त्या दिवशी मी फक्त मोहरी गॅसवर तडतडताना ऐकली.

धाकटी पडद्याजवळ वाकली. किती तरी वेळ ती त्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"घेऊ नको," ती म्हणाली. "आणि पुढेही नेऊ नको. मी येईपर्यंत तसंच ठेव."

"कुठून येईपर्यंत?"

तिने कपाटावरची बॅग काढली. "उद्या चाचणी नाही का?"

सिव्हिल लाइन्सच्या बाजूच्या एका मैदानावर चाचणी होती. लांबून लांबून मुली आल्या होत्या. काही आदल्या रात्रीच्या गाडीत बसून आल्या होत्या आणि कडुनिंबाखाली झोपल्या होत्या. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभी होते. धाकटीचा चेंडू ठीक गेला. वाईट नव्हता, पण मी तिचा उत्तम चेंडू पाहिला आहे आणि हा तो नव्हता. लाट परत येत होती, पण उशिरा. चार-सहा चेंडू अजून मिळाले असते तर, असं मला वाटलं. तिला मिळाले नाहीत. पुढचीला बोलावलं.

तिसऱ्या प्रहरी निवड करणाऱ्या सरांनी आलेल्या सगळ्यांच्या नावांचा कागद हातात घेतला आणि निवडलेल्या मुलींची नावं वाचली. प्रत्येक नावाला एक किंकाळी, एक मिठी. मग कागद दुमडला. तिचं नाव आलं नव्हतं.

बाकीच्या मुली कोणी न सांगता फाटकाकडे वळल्या. तिथली पद्धतच ती आहे. नाव आलं नाही की आपण होऊन निघायचं. मैदान मागून रिकामं होत जातं, पाणी मुरतं तसं. मीही तारेवरचा हात काढला.

धाकटी जागची हलली नाही.

"सर," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मला कुंपणापर्यंत ऐकू आला. "जिनका नहीं हुआ, उनके नाम भी पढ़ दीजिए."

सर थकलेले होते. वाईट माणूस नव्हता. "उससे क्या होगा बेटा?"

"पता रहेगा कि हम आए थे."

फाटकाशी पोचलेल्या मुली थांबल्या. एक परत आली, मग आणखी दोघी. सरांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागे जमणाऱ्या मुलींकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, कागद पुन्हा उलगडला. ते वाचू लागले. एक नाव, आणि एक मुलगी म्हणायची, "जी सर." दुसरं नाव, "जी सर." कोणी किंचाळत नव्हतं. वारा पडला होता. उन्हात ती नावं एकेक करून अशी उभी राहत होती की मला कच्च्या कागदावरच्या शाईचा वास आला. मैदानावर, धुळीत.

मग सरांनी माझ्या बहिणीचं नाव वाचलं. पूर्ण वाचलं. आमच्याकडे पूर्ण नावात मधलं नाव वडिलांचं असतं. तेही वाचलं. अशा यादीतून बाबांचं नाव मोठ्याने वाचलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती "जी सर" म्हणाली नाही. तिने तोंड उघडलं आणि थांबली.

आणि माझ्या उजव्या बाजूने, अगदी जवळून, आवाज आला. "बरोबर." 'रो' जरा लांबवून, शेवटी खाली सोडून.

मी वळले. तिथे मुलींच्या सायकली होत्या आणि पाण्याची टाकी. टाकीतून थेंब गळत होते. त्या मैदानावर मराठी बोलणारं आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं असेन, असं मी नंतर स्वतःला समजावलं. नकळत म्हणतो माणूस. पण माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. जबडा रात्रीपर्यंत दुखत होता.

सरांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. धाकटीने कुंपणाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला. मग तिने बॅग उचलली.

परतताना ऑटोवाला आपण होऊन आमच्यासमोर थांबला. "दीदी, महाराजपुर ना?" त्याने तिलाच विचारलं. वाटेत आम्ही दोघी त्या आवाजाबद्दल बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

घरी भैया लॅपटॉप उघडून बसला होता. पडदा तसाच ठेवला होता, मधून मधून बोट फिरवून विझू न देता. "काय झालं?" त्याने विचारलं.

"नाही झालं," धाकटी म्हणाली. "नाव घेऊन सांगितलं पण."

ती हातपाय धुऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली. यादीतलं अगदी वरचं नाव तिने मोठ्याने वाचलं, मग त्याखालचं. सगळी परदेशी नावं, जिभेवर अडखळणारी, कधीच नसलेल्या पोरांची. भैया आधी तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. आत्या दारात आली. आईने पोळपाटावरचा हात थांबवला. शेवटी तिने स्वतःचं नाव वाचलं, त्या चेहऱ्याकडे पाहत, आणि जरा वेळ थांबली.

"बरोबर" मी म्हटलं नाही. ते काम माझं नव्हतं.

मग तिने बटण दाबलं. फेऱ्या गेल्या, पडदा पांढरा झाला. ती उठली, ताटं मांडायला गेली, आणि पाचही पानं तिनेच मांडली.